गाडी आधी सांगते, लिहून कोण ठेवतं?

ज्यांच्या घरात कुणी ट्रेलर चालवतं, त्यांना एक वाक्य पाठ असतं: "पोहोचलो की फोन करतो." तो फोन येईपर्यंत घरातलं कुणी नीट झोपत नाही. आमच्या घरात हे वाक्य मामूंचं होतं. सोलापूरच्या एमआयडीसीतून माल भरायचा, न्हावा-शेवा बंदरात उतरवायचा आणि तिथून कंटेनर घेऊन परत यायचं, हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं. आज मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, एसीत बसून कोड लिहितो. माझ्या इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांची फी त्या ट्रेलरच्या भाड्यातून भरली गेली.

आपल्या वस्त्यांमध्ये असे मामू बरेच आहेत. कुणाचे अब्बा चालक, कुणाचे चाचा मिस्त्री, कुणाचा भाऊ पंक्चरच्या दुकानात, कुणी ग्रीसिंगला, कुणी बॉडी बांधायच्या कारखान्यात. म्हणून या वेळी नेहमीचे विषय बाजूला ठेवून मला ट्रेलरबद्दल लिहायचंय. मोठा ट्रेलर बिघडण्याआधी काय काय सांगतो, ते सर्वांत आधी कुणाला कळतं आणि कळूनही अपघात का होतात, याबद्दल.

२०१४ साली काय झालं

मामूंच्या ट्रेलरच्या मागच्या धुरीवर डाव्या बाजूच्या हबमधून ग्रीस बाहेर येत होतं. चाकाच्या आतल्या बाजूला काळे, ओले ओघळ दिसायचे. हबचं सील फाटलं की ग्रीस बाहेर येतं, ग्रीस संपलं की बेअरिंग कोरडं फिरतं, कोरडं फिरलं की तापतं, आणि तापून तापून एक दिवस जाम होतं किंवा तुटतं. मामू दहावी नापास, पण ही साखळी त्यांना तोंडपाठ होती. पंधरा दिवसांत तीन वेळा त्यांनी गाडीमालकाला सांगितलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं: "चाचा, एवढी ट्रिप मारून या, मग बघू."

तिसऱ्या ट्रिपला इंदापूरच्या अलीकडे पहाटे चाक निसटलं. जोडीतली दोन्ही चाकं हबसकट बाहेर पडली आणि त्यातलं एक उसळून पलीकडच्या लेनमध्ये गेलं. डेअरीला दूध घालून मोटारसायकलवर परत निघालेल्या बावीस वर्षांच्या मुलाला ते लागलं. मुलगा वाचला. त्याच्या पायावर दोन ऑपरेशनं झाली, तरी तो अजून लंगडतो.

गुन्हा मामूंवर दाखल झाला. भारतीय दंड संहितेचं कलम २७९ आणि ३३८, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत. मामूंनी सांगितलं, मी मालकाला तीनदा सांगितलं होतं. मालक म्हणाला, मला कधीच सांगितलं नाही. पोलिसांनी विचारलं, पुरावा काय? पुरावा काहीच नव्हता. सगळं तोंडी होतं, आणि मामूंकडे तेव्हा बटणांचा फोन होता. केस चार वर्षं चालली आणि दंड भरून संपली. तोवर मामूंनी स्टेअरिंग सोडलं होतं.

मी तेव्हा पहिल्या नोकरीत होतो. आमच्या कामात सर्व्हर बिघडला तर पहिला प्रश्न असतो, लॉगमध्ये काय आहे? कुणी काय केलं, कधी केलं, कोणता इशारा आला, तो कुणी पाहिला, हे सगळं वेळेसकट नोंदलेलं असतं. मामूंना इशारा माझ्या कुठल्याही सर्व्हरपेक्षा आधी आला होता. पण त्यांच्या धंद्यात लॉग नव्हता, आणि जे नोंदलेलं नाही ते घडलंच नाही असं धरलं गेलं.

डॅशबोर्ड काय सांगतो आणि काय नाही

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी मामूंसोबत एक ट्रिप केली होती. दर अडीच-तीन तासांनी ते गाडी बाजूला घ्यायचे, खाली उतरायचे आणि पूर्ण ट्रेलरला फेरी मारायचे. मला गंमत वाटायची. मी म्हटलं, "मामू, काही झालं तर समोर दिवा लागेलच ना?" घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितो. ते म्हणाले, "दिवा घोड्याचा लागतो. मागच्याला दिवा कुठंय?"

पुढच्या, इंजिनच्या भागाला ट्रकवाले घोडा किंवा हॉर्स म्हणतात. डॅशबोर्डवरचे दिवे बहुतेक त्याच्याबद्दलच असतात: तेलाचं प्रेशर, पाण्याचं तापमान, हवा, बॅटरी. मागे जोडलेला ट्रेलर, त्याच्या धुऱ्या, हब, टायर, ब्रेक हे आपल्याकडच्या बहुतांश गाड्यांत मुकेच आहेत. आपल्याकडे ट्रेलरचं एकूण वजन नियमानुसार ५५ टनांपर्यंत असू शकतं. त्यातलं बरंचसं वजन ज्या चाकांवर असतं, त्यांची खबर समोरच्या दिव्यांना नसते. ती खबर चालकाचे डोळे, कान, नाक आणि हातच आणतात.

आता या खुणा एकेक करून सांगतो. घरात ट्रक असेल तर त्या चालकासोबत बसून वाचा. त्यांना यातलं बरंच माहीत असेल. आपल्याला ते माहीत असणं का गरजेचं आहे, ते शेवटी येईलच.

हवा आणि ब्रेक

ट्रेलरचा ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतो. सकाळी इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो आणि काटा साधारण ८ बारच्या आसपास जातो. गाडीनुसार आकडा थोडा बदलतो. काटा वर जायला रोज किती वेळ लागतो ते चालकाला सवयीने कळतं. तो वेळ वाढू लागला तर हवा कुठेतरी गळतेय किंवा कॉम्प्रेसर थकलाय.

रोजची तपासणी सोपी आहे. सपाट जागा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, इंजिन बंद. मग ब्रेकचं पेडल मिनिटभर दाबून धरायचं आणि काट्याकडे बघायचं. काटा सरळ खाली सरकताना दिसला तर गळती आहे. आजूबाजूला शांतता असेल तर फुसफुस ऐकूही येते. घोडा आणि ट्रेलर जोडणारे पाइप, त्यांच्या जोडातले रबर आणि चाकांजवळचे ब्रेक चेंबर या जागी कान लावायचा. हवेच्या टाकीखालचा वॉल्व्ह उघडून पाणी काढायचं. पाण्यासोबत काळं तेल येऊ लागलं तर कॉम्प्रेसरच्या आतली झीज सुरू झाली आहे.

हवा खूपच कमी झाली की बझर वाजतो, आणि त्याहून खाली गेली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. गाडी रस्त्यातच अडते. तशीच बनवली आहे ती, जीव वाचवण्यासाठी. अशा वेळी बोल्ट कसून स्प्रिंग मागे खेचायची, ब्रेक मोकळा करायचा आणि गाडी पुढे काढायची, हा जुगाड मी डोळ्यांनी पाहिलाय. गळती तशीच आणि शेवटचा आधारही काढून टाकलेला. दोस्तांनो, ही गाडी मग कुणाच्याच हातात नसते.

आणखी एक गोष्ट कार चालवणाऱ्यांना माहीत नसते. कारचा ब्रेक कमजोर झाला की पेडल मऊ लागतं, खाली जातं. हवेच्या ब्रेकमध्ये पायाला तसं काही कळत नाही. घाटात ड्रम तापतो, फुगतो, लायनरची पकड जाते, तरी पेडल जवळपास तसंच लागतं. म्हणून इथे नाकावर विश्वास ठेवायचा. जळक्या लायनरचा उग्र वास आला की उतार संपायची वाट बघायची नाही.

हब, नट आणि टायर

गाडी थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्यायची. टेकवायची नाही, फक्त जवळ न्यायची. सगळे हब साधारण सारखेच गरम असायला हवेत. एखादा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक चिकटून राहतोय किंवा बेअरिंग जातंय. एखादा बाकीच्यांपेक्षा थंड असेल तर बरेच जण खूश होतात. खरं तर तिथला ब्रेक लागतच नाहीये आणि त्याचं काम बाकीच्या चाकांवर पडतंय. हे मला मामूंनी शिकवलं. कॉलेजच्या कुठल्याही पुस्तकात मी ते वाचलं नव्हतं.

नटांभोवती गंजाचे लालसर ओघळ किंवा घासून चकाकणारी कडा दिसली तर नट सैल होतोय. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

टायर टॉमीने ठोकून बघायची आपल्याकडे पद्धत आहे. पूर्ण बसलेला टायर त्या आवाजाने कळतो. पण निम्मी हवा गेलेला टायर ठोकून कळेलच असं नाही, त्यासाठी गेजच हवा. जोडीतल्या एका टायरची हवा गेली की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. बसलेला टायर घासत, तापत राहतो आणि पेटूही शकतो. झिजण्याची पद्धतही बोलते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर जास्त होती, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलं आहे. बाजूला फुगवटा दिसला तर तो टायर त्याच ठिकाणी बदलायचा.

जोड, कमान आणि स्टेअरिंग

घोडा आणि ट्रेलर ज्या गोल तबकडीवर जोडलेले असतात तिला फिफ्थ व्हील म्हणतात आणि त्यात अडकणाऱ्या जाड खुंटीला किंगपिन. जोडणी झाल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकून बघायचं. तबकडी आणि ट्रेलरमध्ये फट दिसता कामा नये, जबडा पिनमागे पूर्ण बंद झालेला हवा. निघताना किंवा ब्रेक मारताना पाठीमागून "ठक" असा धक्का रोज बसू लागला तर तिथे झीज आहे. वळल्यावर स्टेअरिंग सहज सरळ होत नसेल, तर आधी फिफ्थ व्हीलचं ग्रीस बघायचं.

आरशात ट्रेलर एकाच बाजूला जास्त दिसू लागला, म्हणजे गाडी तिरकी चालतेय असं वाटलं, तर धुरी जागेवरून सरकलेली असू शकते. कमानीचा मधला बोल्ट तुटल्यावर असं होतं. उभी गाडी एका अंगाला झुकली असेल तर कमानीचे पाटे मोजा, एखादा तुटलेला सापडेल. ठरावीक वेगालाच केबिन थरथरत असेल आणि गिअर टाकताना खालून टक असा आवाज येत असेल तर शाफ्टच्या जोडावर संशय घ्यायचा. स्टेअरिंग थोडं फिरवूनही चाकं हलत नसतील, किंवा सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढच्या ट्रिपपर्यंत थांबायचं नाही.

इंजिन आणि वायरिंग

धुराचे रंग बहुतेकांना माहीत असतात. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, आधी एअर फिल्टर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात असेल किंवा डिझेल न जळता बाहेर पडत असेल. पण १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे काळा धूर दिसेलच असं नाही. तिथे फिल्टर साफ करण्याची सूचना वारंवार येऊ लागली तर तीच खूण धरायची.

रेडिएटरचं पाणी रोज थोडं कमी होतंय आणि खाली कुठेच थेंब नाही, तर ते इंजिनच्या आत जातंय. ऑइलची पट्टी काढल्यावर तेल दुधाळ दिसलं तर गाडी सुरूच करायची नाही. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा. लाल दिवा म्हणजे आत्ता, इथेच, सुरक्षित जागा बघून थांबा.

वायरिंगबाबत एकच सांगतो. एकच फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर तो काहीतरी सांगतोय. त्याच्या जागी जाड तार टाकली की तक्रार बंद होते, पण आतली वायर तापत राहते. प्लास्टिक जळाल्याचा वास आला की उशीर झालेला असतो.

आता एक नवी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. चालकांना हे कधीच मिळायला हवं होतं. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये मी बसलोय, मला त्याची किंमत कळते. फक्त काच बंद झाली की फुसफुस, घरघर आणि वास बाहेरच राहतात. म्हणून यार्डातून निघाल्यावर पहिली पाच मिनिटं आणि घाट उतरताना थोडा वेळ काच खाली ठेवा, एवढंच.

उतारावरची चूक

सगळेच अपघात बिघाडाने होत नाहीत, हेही सांगायला हवं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने एकामागोमाग अनेक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आलं. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करायची किंवा इंजिन बंद करायची सवय बऱ्याच जणांना आहे. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर बंद होतो आणि नवी हवा तयार होत नाही. स्टेअरिंग जड होतं, इंजिनचा स्वतःचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. जो ब्रेक आधीच तापलेला असतो तोच शेवटी एकटा उरतो. उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा, हे प्रत्येक चालक जाणतो. मग तो असं का करतो? ट्रिपमागे डिझेल मोजून दिलेलं असतं आणि जास्त लागलं तर पगारातून कापलं जातं, हेही एक कारण आहे. मामूंचंही कापलं जायचं.

कळूनही गाडी का निघते

खरा प्रश्न हा आहे. चालकाला कळतं, मग तो निघतोच का? मामूंना मी हे विचारलं आहे. ते म्हणाले, "उभ्या गाडीचा पैसा कुणी देत नाही." ट्रिप झाली तर भत्ता. गाडी मिस्त्रीकडे उभी राहिली तर चालकाचा दिवस फुकट. नाही म्हटलं तर दुसऱ्या चालकाला चावी. म्हणजे ज्याला सर्वांत आधी कळतं, त्याच्याकडेच थांबायची ताकद सर्वांत कमी.

बरेच मालक म्हणतात, गाडीचं पासिंग झालंय. फिटनेस सर्टिफिकेट गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. हबचं सील मात्र पासिंगच्या दुसऱ्या दिवशीही फाटू शकतं. सर्टिफिकेट त्या दिवसाचं असतं, रस्ता रोजचा.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. रस्त्यावर धोका निर्माण करणारा दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असताना, गाडी जो चालवतो, जो चालवायला लावतो किंवा जो चालवू देतो, तो प्रत्येक जण दोषी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपये आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. "चालवायला लावतो" आणि "चालवू देतो" हे शब्द मालकासाठी आहेत. मामूंच्या केसमध्ये ते शब्द कागदावरच राहिले, कारण मालकाला माहीत होतं हे दाखवणारी एक ओळही कुठे नव्हती.

आपण काय करायचं

इथे आपलं काम सुरू होतं. आपण शिकलेले आहोत, आपल्या हातात फोन आहे.

पहिलं, घरातल्या चालकाला नोंद ठेवायला शिकवा. त्यासाठी ॲप बनवायची गरज नाही, आणि हे ॲप बनवून पोट भरणारा माणूस सांगतोय. मालकाला व्हॉट्सॲपवर एक फोटो आणि एक ओळ पुरे: तारीख, गाडी क्रमांक, कुठे काय दिसलं, काय करायला हवं. "आज सकाळी मागच्या धुरीच्या डाव्या हबमधून ग्रीस येतंय, सील बदलल्याशिवाय गाडी नेता येणार नाही." लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, मराठीत, दखनीत, कशातही. मेसेज जपून ठेवा, फोन बदलला तरी. आणि त्याची एक प्रत स्वतःकडे घ्या, कारण यार्डात फोन पडतात, फुटतात.

दुसरं, नोंद करून तशीच गाडी पुढे नेली तर कलम १९० चालकालाही लागू होतं. मला माहीत होतं हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असेल. म्हणून खुणांचे दोन भाग डोक्यात पक्के हवेत. हवेची गळती, तापलेला किंवा गळणारा हब, सैल नट, फुगलेला टायर, किंगपिनचा नीट न लागलेला जबडा, लाल दिवा, दुधाळ तेल, स्टेअरिंगचा खेळ, जळका वास: यात लिहायचं आणि थांबायचं. पिवळा दिवा, हवा भरायला थोडा जास्त वेळ, एक कड झिजलेला टायर, किंचित बदललेला आवाज: यात लिहायचं आणि मालकाकडून दुरुस्तीची तारीख घ्यायची. तारीख मिळाली नाही तर तेही लिहायचं.

तिसरं, एकट्याने थांबणं महाग पडतं. एकाच यार्डातले आठ-दहा चालक रोज सकाळी आपल्या गाडीची फेरी मारून दोन ओळी पाठवू लागले, तर चावी दुसऱ्याला द्यायची धमकी तेवढी चालत नाही. दुसराही तेच लिहितो. आपल्यातला एक मुलगा महिन्यातून एका रविवारी ट्रक टर्मिनलवर बसून त्यांना हे लावून देऊ शकतो. चालक कोणत्या धर्माचा, कोणत्या राज्याचा हे तिथे बघायचं नाही. चाक निसटतं तेव्हा ते कुणाला लागणार हे कुणालाच माहीत नसतं.

चौथं, तुमच्यापैकी कुणाच्या घरी दोन-चार गाड्या असतील. आपल्या समाजात छोटे गाडीमालकही आहेत, आणि त्यांच्यावर कर्जाच्या हप्त्यांचं ओझं असतं, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे एकच मागणं आहे: दुरुस्तीसाठी थांबलेल्या दिवसाचा भत्ता चालकाला द्या. एक दिवसाचा भत्ता आणि एक सील यांची किंमत तुटलेला हब, अडकलेला माल आणि कोर्टाच्या तारखा यांच्यासमोर काहीच नाही. तुमची गाडी चालकाच्या हातात अमानत आहे, हे तुम्ही त्याला सांगता. रस्त्यावरच्या माणसाचा जीवही तुम्हा दोघांच्या हातात अमानत आहे.

मामू आता घराजवळ छोटं ग्रीसिंगचं दुकान चालवतात. तो इंदापूरचा मुलगा आता तिशी ओलांडलेला आहे. मामू दर वर्षी ईदनंतर त्याला भेटून येतात. एकदा मी सोबत गेलो होतो. चहा झाल्यावर त्याने सहज विचारलं, "चाचा, तुम्हाला आधी कळलं होतं का?" मामू म्हणाले, "कळलं होतं. तीनदा सांगितलंही होतं. पण चौथ्यांदा सांगायच्या ऐवजी मी निघालो."

परत येताना ते गाडीत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी दुकानातून एक वही आणली आणि मला म्हणाले, यात तारखेचे रकाने आखून दे. आता त्यांच्या दुकानात ग्रीसिंगला येणाऱ्या प्रत्येक गाडीचं जे काही सैल, गळकं, गरम दिसतं ते त्या वहीत लिहिलं जातं. खाली चालकाची सही होते आणि वहीच्या पानाचा फोटो मालकाला जातो. काही मालक चिडतात. दोघांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मामू वही बंद करत नाहीत.

तुमच्या घरातल्या चालकाचा आज रात्री फोन आला, तर "कुठे पोहोचलात?" यासोबत एक प्रश्न आणखी विचारा: "आज गाडीत काय दिसलं?" जे सांगतील ते लिहून ठेवा.